ओंबळे, तुकाराम गोपाळ
(? – २६ नोव्हेंबर २००८). मुंबई पोलीस दलातील सहायक उपनिरीक्षक. मूळ गाव सातारा जिल्ह्यातील केडंबे. पोलीस दलात येण्यापूर्वी ते सैन्यात होते. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यावेळी, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, गिरगाव चौपाटीजवळील नाकाबंदीत त्यांच्या हाती केवळ लाठी होती. मोटारीतून उतरलेल्या दहशतवादी अजमल कसाबच्या एके-४७ बंदुकीची नळी त्यांनी पकडली आणि गोळ्या झेलूनही सोडली नाही. त्यामुळेच कसाब जिवंत सापडला. हल्ल्याचा कट पाकिस्तानात शिजल्याचा त्याचा जबाब न्यायालयापुढे येऊ शकला, हे या बलिदानाचे सर्वांत मोठे फलित. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रात आढळलेल्या कोळ्याच्या नव्या जातीला त्यांच्यावरून ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळाले.