युनिक्स परंपरेतील उपकरण-अधिकारांचे स्थलांतर

युनिक्स प्रणालीत उपकरण हीदेखील एक फाइलच मानली जाते. डेनिस रिची व केन टॉम्प्सन यांनी १९७४ च्या आपल्या निबंधात अशा विशेष फाइलींना सामान्य फाइलींचेच संरक्षण-नियम लागू असल्याचे नमूद केले आहे. मालक, गट व इतर यांस दिलेली वाचन-लेखनाची मुभा चकतीवरील नोंदीत राही. यंत्र बंद केले तरी ती टिके. उपकरणे यंत्रास कायमची जोडलेली होती तोवर या व्यवस्थेत फारसे न्यून नव्हते.

१९९६ साली यूएसबीचे पहिले प्रमाण निघाले आणि चालू यंत्रास उपकरण जोडण्याची व काढण्याची रीत पुढे सार्वत्रिक झाली. २००० साली लिनक्सच्या गाभ्यात आलेल्या रिचर्ड गूच यांच्या 'डेव्हएफएस'ने उपस्थित उपकरणांपुरत्याच नोंदी स्मृतीत निर्माण केल्या. परंतु नोंद चकतीवरून उठली, तशी मुभेची टिकाऊ जागाही गेली. ती लक्षात ठेवण्यास निराळा सेवक-कार्यक्रम नेमावा लागला! शिवाय नावे ठरविण्याचे धोरण गाभ्यातच शिरले, हा आक्षेप होताच.

२००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी पुढे आणलेल्या 'यूडेव्ह'ने हे धोरण गाभ्याबाहेर काढले. गाभा उपकरण आल्याची वार्ता देतो. उत्पादक-क्रमांक व वस्तु-क्रमांक नियमाशी जुळले की गट व मुभा ठरते. २००६ मध्ये लिनक्समधून डेव्हएफएस वगळण्यात आले. फ्रीबीएसडीने मात्र आपल्या स्वतंत्र डेव्हएफएसला नियमावलीची जोड देऊन ते राखले.

तथापि खरा प्रश्न येथेच उद्भवतो. '०६६६' लिहून सर्वांस दार उघडे करणे हा आळशी प्रशासकाचा मार्ग होय. '०६६०' व विशिष्ट गट हा मार्ग बरा; पण गटाचे सदस्यत्व व्यक्तीस चिकटते, जागेस नव्हे. दूरच्या गावाहून प्रवेश केलेला सदस्यही यंत्रापुढे बसलेल्याचा ध्वनिग्राहक उघडू शकतो. म्हणून पुढे यंत्रापुढील सक्रिय सत्राच्या धारकासच प्रवेश-यादीद्वारे मुभा देण्याची पद्धत रूढ झाली. सत्र बदलताच यादीतील नाव निघते. मात्र मुभेची तपासणी फाइल उघडतानाच होत असल्याने, आधी उघडलेले उपकरण केवळ नाव काढल्याने बंद होत नाही.