होम इन्स्पेक्टर व्हायचंय? आधी सही कोणाची चालते ते समजून घ्या

'थोड्या दिवसांचा ऑनलाइन कोर्स करा, सर्टिफिकेट घ्या आणि होम इन्स्पेक्टर म्हणून कमाई सुरू करा,' अशी जाहिरात मोबाईलवर दिसली की दहावी-बारावी झालेल्या मुलाला मोह होणारच. पण फी भरण्याआधी एक गोष्ट पक्की माहीत हवी. अमेरिकेत अनेक राज्यांत होम इन्स्पेक्टरला स्वतंत्र सरकारी परवाना लागतो. आपल्याकडे या नावाचा परवानाच नाही. त्यामुळे नुसत्या सर्टिफिकेटवर कोणाच्या इमारतीला 'सुरक्षित' असा दाखला देता येत नाही.

याचा अर्थ काम नाही, असा नाही. काम आहे, पण त्याची वाट स्थापत्य म्हणजे सिव्हिलच्या शिक्षणातून जाते.

काम नेमकं काय असतं?

घर तपासणारा माणूस भिंत ओळंब्यात आहे का, फरशीवर ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, बाथरूमचा ढाळ जाळीकडे आहे का, हे पाहतो. ओल कुठून येते, अर्थिंग चालू आहे का, भेग फक्त प्लॅस्टरची आहे की कॉलम-बीमची, हे तपासून फोटोसह अहवाल देतो. टेप, ओळंबा, लेव्हल, टेस्टर आणि ओल मोजायचं यंत्र एवढ्यावर सुरुवात होते.

स्ट्रक्चरल ऑडिट हे वेगळं आणि मोठं काम. त्यात रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक अशा चाचण्यांनी काँक्रीटची ताकद आणि आतली स्थिती पाहतात. त्यावर नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचीच सही लागते.

शिक्षणाच्या तीन वाटा

1. आयटीआय : आरेखक स्थापत्य म्हणजे ड्राफ्ट्समन सिव्हिल. दहावीनंतर 2 वर्षं. नकाशा वाचणं, मोजमाप आणि अंदाजपत्रक इथं शिकवतात.

2. डिप्लोमा : तंत्रनिकेतनात सिव्हिल. दहावीनंतर 3 वर्षं. आयटीआय किंवा बारावी विज्ञान झालेल्यांना अटी पूर्ण केल्यास थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

3. पदवी : बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन 4 वर्षं. डिप्लोमावाल्यांना इथंही थेट दुसरं वर्ष मिळू शकतं. स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून नोंदणी हवी असेल तर ही पदवी आणि पुढं डिझाइनच्या कामाचा अनुभव लागतो.

पदवी नसली तरी दार बंद होत नाही. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार डिप्लोमा किंवा आयटीआय आरेखक झालेल्यांना ठरलेल्या अनुभवानंतर सुपरवायझर म्हणून नोंदणी करता येते. मात्र त्याचे अधिकार मर्यादित असतात.

काम कुठं मिळतं?

तालुक्यातच : प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये घरकुलाचा हप्ता कामाच्या टप्प्यानुसार मिळतो. प्रत्येक टप्प्यावर जागेवर जाऊन पाहणी करायची आणि जिओ-टॅग फोटो काढायचा. हे काम पंचायत समितीकडचे ग्रामीण गृहनिर्माण अभियंते करतात. पद कंत्राटी असतं, पण शिकायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदेत स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यक हे पदही असतं. पात्रता मूळ जाहिरातीतच वाचावी.

बँकेसाठी : गृहकर्जाचा पुढचा हप्ता सोडण्याआधी बांधकाम किती झालं, याचा अहवाल बँका आपल्या पॅनेलवरच्या इंजिनिअरकडून घेतात. त्याच्या हाताखाली साईटवर फिरणारी माणसं लागतात.

शहरात : फ्लॅटचा ताबा घेण्याआधी खासगी कंपनीकडून तपासणी करून घेणारे लोक आहेत. रेरा कायद्याप्रमाणे ताब्यानंतर 5 वर्षांच्या आत बांधकामातला दोष निघाला, तर बिल्डरनं तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रारीला फोटोसह अहवालाचा आधार होतो. शिवाय गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. तिथं ऑडिटर इंजिनिअरला सहाय्यक लागतात.

गवंड्याच्या पोरालाही संधी

घरकुल योजनेतच ग्रामीण गवंडी प्रशिक्षण आहे. प्रत्यक्ष घर बांधता बांधता साधारण 45 दिवस शिकवतात आणि शेवटी मूल्यमापन होऊन प्रमाणपत्र मिळतं. ज्यानं स्वतः सळई बांधली, त्याला स्लॅबला कव्हर 20 मिलिमीटर आणि कॉलमला 40 मिलिमीटर का सोडायचं, हे लवकर कळतं. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस पाणी मारायचं असतं. उन्हाळ्यात आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस. गावातली बरीच घरं याच दोन ठिकाणी मार खातात.

फी भरण्याआधी हे विचारा

- सर्टिफिकेट कोण देणार : सरकारमान्य मंडळ की ती संस्थाच?
- साईटवर किती दिवस नेणार?
- 'नोकरीची हमी' लेखी देणार का?
- या सर्टिफिकेटवर नेमकी कुठली सही करता येईल?

शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर आलं नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत.

24 ऑगस्ट 2020 ला महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून 16 जणांचा जीव गेला. ती इमारत जुनी-पुराणी नव्हती. घर तपासणाऱ्याच्या सहीवर माणसं छताखाली निर्धास्त झोपतात. म्हणून ज्याचं शिक्षण जेवढं, त्यानं सही तेवढ्यापुरतीच करावी. भेग कॉलमची दिसली, तर 'काही होत नाही' म्हणण्याऐवजी मोठ्या इंजिनिअरला बोलवा, असं घरमालकाला स्पष्ट सांगावं.