पिंपरीच्या विरजणाची गोष्ट

श्रोतेहो, आणि ही पुस्तिका वर्गात वाचून दाखवणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींनो,

मुळशी तालुक्यातले महाळुंगे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. चाकणजवळचे महाळुंगे ते निराळे. हे मुळा नदीच्या काठचे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडी-महाळुंग्याच्या शिवारात मोठे क्रीडासंकुल उभे राहिले, तेव्हापासून या गावाचे नाव सर्वतोमुखी झाले. २०२१ साली गाव पुणे महानगरपालिकेत आले. पण आज या गावाची आठवण काढली ती खेळासाठी नव्हे. महाळुंग्याच्या वेशीवर उभे राहा. ईशान्येला दोन-अडीच तास पायी चाललात की पिंपरी. आग्नेयेला पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. नदी ओलांडून वायव्येला वळलात की हिंजवडी. आजारावर औषध शोधायचे, ते बनवायचे आणि ते गोरगरिबांपर्यंत पोचवायचे, यासाठी सरकारने तुमचा-आमचा पैसा कसकसा खर्च केला, त्याचा सत्तर वर्षांचा इतिहास एवढ्या टापूत सामावलेला आहे. तो इतिहास आपण आज पाहू.

तुम्ही म्हणाल, औषधाचा कारखाना काढणे हा व्यापाऱ्याचा धंदा. त्यात सरकारने पैसा का घालावा? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी पुण्याला त्याने काय अवकळा आणली, हे इतिहासाच्या पुस्तकात आपण वाचतो. त्या वेळी डॉक्टर वाल्देमार हाफकिन यांना मुंबईस पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातली लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सरंजामावर त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये सरकारने परळचे जुने गव्हर्नमेंट हाउस या कामाला दिले. तीच संस्था १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. लस शोधणे, ती लाखोंनी तयार करणे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवणे, ही तिन्ही कामे त्या एका आवारातून होत असत. साथीच्या दिवसांत नफ्याची वाट पाहत कोणी बसत नाही, म्हणून सरकारला हात घालावा लागला. पहिला धडा तो.

आता पेनिसिलिनकडे येऊ. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत एक बुरशी उगवली आणि तिच्या भोवतालचे रोगजंतू विरघळून गेले. पुढे बारा वर्षांनी ऑक्सफर्डला फ्लोरी आणि चेन यांनी त्या बुरशीतून औषध वेगळे काढून दाखवले. पण औषध निघे ते गुंजभर. दुसरे महायुद्ध पेटलेले होते. जखमी सैनिकांना पुरेल एवढे औषध आणायचे कोठून? ही अडचण अमेरिकेत सुटली. पिओरिया या गावी तिथल्या शेतीखात्याची प्रयोगशाळा होती. मक्यापासून स्टार्च काढताना जे पाणी वाया जाते ते खाद्य म्हणून दिले तर बुरशी जोमाने वाढते, असे तेथे आढळले. आणि १९४३ साली त्याच गावच्या बाजारातल्या एका सडक्या खरबुजावर जी बुरशी मिळाली, तिने जगाचे पोट भरले. ती बुरशी निवडून, पारखून, तिच्यावर क्ष-किरणांचे प्रयोग करून तिचे उत्पन्न कितीतरी पटींनी वाढवले गेले. प्रयोगशाळा सरकारी होती, पैसा युद्धखर्चातला होता.

माझ्या श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी दुभते आहे, त्यांना यातले मर्म चटकन कळेल. पेनिसिलिन म्हणजे एका परीने विरजणाचा धंदा. आपल्या घरी गाडगे असते, कारखान्यात दोन-तीन पुरुष उंचीची पोलादी टाकी असते. दुधाच्या जागी साखर आणि मक्याचे पाणी. टाकीत सतत हवा सोडावी लागते, ढवळावे लागते, उष्णता सांभाळावी लागते. एखादा परका जंतू आत शिरला की सगळी टाकी नासली म्हणून समजा. पण सर्वांत मोलाचे असते ते विरजण, म्हणजे मूळची बुरशी. टाक्या पैसे टाकले की मिळतात. उत्तम विरजण मात्र जपावे लागते, दरसाल निवडावे लागते, नाहीतर ते उतरत जाते. शेतकऱ्याला हे बियाण्यावरून ठाऊक आहेच.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या देशात पेनिसिलिन परदेशातून येत होते. हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखे यांचे मत होते की जीवरक्षक औषधे देशात आणि सरकारी कारखान्यातच तयार झाली पाहिजेत. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेत मोठ्या पदावर गेले, तिथेही त्यांनी हाच पाठपुरावा केला. या संघटनेने तज्ज्ञ दिले, युनिसेफने यंत्रसामग्री दिली, भारत सरकारने जमीन आणि भांडवल घातले. मार्च १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी पिंपरीला स्थापन झाली. १९५५ साली उत्पादन सुरू झाले आणि १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. मदतीबरोबर अटीही आल्या: काही माल माता-बालकांच्या आरोग्यकार्याला मोफत द्यावा, आणि इथली विद्या झाकून ठेवू नये. सार्वजनिक पैसा देताना परतफेडीत काय हवे ते आधी बोलून ठेवले होते, हे विशेष. याच कारखान्यात पुढे क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. मात्र त्याची कृती अमेरिकेच्या मर्क कंपनीशी करार करून आणलेली होती.

आता या गोष्टीतला सगळ्यात सुंदर भाग. कारखान्याबरोबर एक संशोधन विभागही ठेवलेला होता. तिथे डॉक्टर एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी ठिकठिकाणची माती आणून तिच्यातले सूक्ष्मजीव तपासत बसत. १९६० च्या सुमारास पिंपरीच्याच मातीत त्यांना एक नवा जीव सापडला. त्याचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! शास्त्राच्या लॅटिन नावात आपल्या मावळातले गाव जाऊन बसले. त्या जीवापासून बुरशीच्या रोगांवर एक औषध निघाले. कारखान्याच्या नावातली पहिली अक्षरे घेऊन त्याला हॅमायसिन म्हणण्यात आले. त्यानंतर ऑरिओफंजिन निघाले, ते तर शेतकऱ्याच्या कामाचे. संत्र्या-मोसंबीवरचा डिंक्या, भातावरचा करपा, अशा बुरशीच्या रोगांवर त्याचा उपयोग होऊ लागला. पाच-सहा वर्षांपूर्वी ज्या देशात पेनिसिलिन बाहेरून येत होते, त्या देशाने स्वतःच्या मातीतून नवीन औषधे काढली. कारखान्याचा हिशेब पाहणाऱ्याला संशोधन विभाग म्हणजे नुसता खर्च वाटला असेल. पण गावची माती काचेच्या नळीत घालून तपासायला फुरसत आणि पगार दोन्ही लागतात, आणि ती दिल्याचे हे फळ.

इथवर सारे गोड. पुढचे ऐकावे लागेल, कारण इतिहास अर्धा सांगणे बरे नव्हे.

जगातले कारखाने आपले विरजण दरवर्षी सुधारत होते. एका टाकीतून जिथे शेरभर निघे तिथे मणभर काढू लागले. पिंपरीला ती धाव झेपली नाही. जास्त उत्पन्न देणारी बुरशी पुन्हा परदेशातून आणण्याची पाळी आली. दुसऱ्या बाजूने औषधाची किंमत सरकारने बांधलेली; ती बांधणे रोग्याच्या हिताचेच होते, पण नवी यंत्रे, नवे प्रयोग यांना लागणारी तूट कोण भरणार, याचा निर्णय झाला नाही. १९९१ नंतर आयातीची दारे उघडली आणि चीनमधला स्वस्त माल बाजारात आला. १९९७ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची गणना आजारी उद्योगांत झाली. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवले की कारखान्याची जास्तीची जमीन विकून देणी भागवावीत. पिंपरीच्या कामगारांनी थकलेल्या पगाराची वाट पाहत काढलेले दिवस त्या भागातल्या घराघरांत आठवतात.

आणि आता पाहा. देशात पेनिसिलिनचा कच्चा माल, ज्याला पेनिसिलिन-जी म्हणतात, तो तयार होणे बंद पडले. आपण पुन्हा आयातीवर आलो. २०२० साली करोनाच्या साथीत मालाची ये-जा अडली, तेव्हा सरकारला जाग आली. अशा मूळ औषधांचे उत्पादन देशात व्हावे म्हणून ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना त्याच वर्षी जाहीर झाली. तिच्या आधारे आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ एका खाजगी कंपनीचा पेनिसिलिन-जीचा कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला. म्हणजे जे काम १९५५ साली पिंपरीत चालू होते, त्याच कामासाठी जनतेने दुसऱ्यांदा पैसा मोजला. दही संपले म्हणून बिघडत नाही. विरजणाची वाटीही धुऊन टाकली, की शेजाऱ्याच्या दारी जावे लागते.

यावरून कोणी म्हणेल, सरकारने या फंदात पडूच नये. पण ते खरे नाही. पिंपरीत काम शिकलेली माणसे देशभर गेली, आणि पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीची पायाभरणी ज्या मोठ्या कारखान्यांनी केली त्यांत हा अगदी पहिल्यांपैकी. चूक पैसा देण्यात नव्हती. टाक्यांसाठी पैसा एकदा दिला की काम झाले, हे समजण्यात चूक होती.

मुंबईत निराळा मार्ग निघाला. १९७५ साली हाफकिन संस्थेतले लस-औषधांचे उत्पादन वेगळे काढून त्यासाठी राज्याचे स्वतंत्र महामंडळ करण्यात आले. त्यामुळे हिशेब सुटसुटीत झाला, पण शोधणारा आणि बनवणारा यांच्यामध्ये एक भिंत आली. संस्थेची वाटणी करताना विरजणाची वाटी कोणाच्या घरात राहणार, हे पाहावे लागते.

आता नदीपलीकडच्या हिंजवडीत या. इथे काळ बदललेला दिसतो. १९८६ मध्ये केंद्राने जैवतंत्रज्ञान विभाग काढला आणि २०१२ मध्ये त्याच्या हाताखाली बायरॅक ही सरकारी संस्था. आता सरकार स्वतः कारखाना काढत नाही. दुसऱ्याच्या कल्पनेला हात देते. कोणा तरुणाकडे चांगली कल्पना असेल तर अठरा महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची बायरॅकची योजना आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातले व्हेंचर सेंटर अशा मंडळींना जागा, यंत्रे आणि सल्ला देते. करोनाच्या काळात हिंजवडीच्या जिनोव्हा कंपनीला नव्या पद्धतीची, एमआरएनए जातीची लस करण्यासाठी याच विभागाने पैसा दिला. ती लस साध्या शीतकपाटात, दोन ते आठ अंशांवर टिकते, म्हणजे आपल्या ग्रामीण आरोग्य केंद्रालाही झेपते. जून २०२२ मध्ये तिला तातडीची परवानगी मिळाली. तोवर देशातल्या बहुतेक प्रौढांना दुसऱ्या लसी टोचून झाल्या होत्या. मग हा पैसा पाण्यात गेला का? मला तसे वाटत नाही. ही विद्या आता या मातीत आली आहे. पण ती राहते की जाते, हे पुढच्या साथीपर्यंत तिला कोण सांभाळतो यावर ठरेल. पिंपरीलाही १९६० साली असेच वाटले असेल, की आता आपण जिंकलो.

तेव्हा श्रोतेहो, अमुक कोटी संशोधनाला, तमुक कोटी कारखान्याला, अशी बातमी कानावर आली की तीन गोष्टी विचाराव्यात. एक, शोध लागला तर त्याची मालकी कोणाची राहील? दोन, पैसा देणाऱ्या जनतेला बदल्यात काय मिळेल, स्वस्त औषध की उघडी विद्या, आणि ते कागदावर लिहिले आहे काय? तीन, फीत कापून झाल्यावर दहा वर्षांनी प्रयोगशाळेचा पगार कोण देणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पिंपरीत बऱ्यापैकी दिली गेली होती. तिसऱ्याचे उत्तर राहून गेले, आणि तेवढ्याने कारखाना खचला. विहीर खणायला सारे गाव जमते. गाळ काढायला माणसे मिळत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलांकडून वर्गात एक साधा प्रयोग करून घ्या. तीन घरांची तीन विरजणे आणा, सारख्या दुधाला लावा, आणि प्रत्येक दह्याचा चमचा पुढच्या दिवशीच्या दुधाला, असे आठवडाभर चालू द्या. कोणते दही घट्ट राहिले, कोणते आंबूस झाले, कोणाचे बिघडले, याची वहीत नोंद करायला सांगा. सातव्या दिवशी त्यांना पिंपरीची हकीगत सांगा. महाळुंगे-हिंजवडीच्या बाजूची मुले असतील तर उद्या यांपैकीच कोणी त्या प्रयोगशाळांत काम करील. दूरच्या खेड्यातली असतील तर कर भरतील, मत देतील. पैसा कोठे जावा हे ठरवण्यात दोघांचाही वाटा आहे.