साडेसोळा मिलिमीटरची कुळकथा

टेबलावर धावणाऱ्या छोट्या आगगाडीचा रूळ हातात घेऊन दोन्ही पट्ट्यांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजलं, तर बहुतेक वेळा ते १६.५ मिलिमीटर भरतं. रूळ जर्मन असो, इंग्लिश असो की अमेरिकन, माप हेच. इतका नेमका आकडा एखाद्या मोठ्या बैठकीत ठरला असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो ठरवला लहान घरांनी, विजेच्या मोटारींनी आणि मध्यमवर्गाच्या खिशाने. मानकं लिहिणाऱ्या संस्था मागाहून आल्या आणि जे रूढ झालं होतं त्यावर त्यांनी शिक्कामोर्तब केलं. या मापासाठी ज्या तडजोडी कराव्या लागल्या, त्या झाकण्यासाठी जी कारागिरी जन्माला आली, ती मला गाडीपेक्षाही मोठी वाटते. म्हणून ही कथा रुळापासून सुरू होऊन डोंगराझाडांपर्यंत जाते.

सुरुवातीच्या खेळण्यांना रूळच नव्हते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पितळेची छोटी इंजिनं मिळत. पोटात पाणी, खाली स्पिरिटचा दिवा आणि खरी वाफ. इंजिन सरळ जमिनीवर सोडायचं. जाताना ते मागे पाण्याची ओळ सांडत जाई, क्वचित गालिचाही पेटवी. बर्मिंगहॅम ड्रिबलर म्हणून ती ओळखली जात.

रूळ घरात आणला तो मुख्यतः जर्मनांनी. गोपिंगेन गावची मेर्क्लिन ही कंपनी १८५९ पासून पत्र्याची भातुकली बनवत होती. भातुकलीच्या धंद्यात एक खुबी असते: आधी चूल घ्यायची, पुढच्या वाढदिवसाला पातेली, मग ताटं. मेर्क्लिन बंधूंनी तीच रीत गाडीला लावली. १८९१ च्या लाइपझिगच्या वसंत जत्रेत त्यांनी चावीची गाडी मांडली, ती इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या वळणाच्या रुळावर. रुळांच्या रुंदीला त्यांनी क्रमांक दिले. आज इंजिन, उद्या डबा, परवा सांधा असं घेत गेलं तरी सगळं एकमेकांत बसणार, याची ती हमी होती. क्रमांक एकचा रूळ ४५ मिलिमीटरचा. पुढे त्याहून लहान माप काढायची वेळ आली तेव्हा एकच्या खाली शून्यच उरलं होतं. तो शून्य गेज ३२ मिलिमीटरचा, आणि विसाव्या शतकाची पहिली तीन-चार दशकं त्याने गाजवली.

त्या काळी प्रमाणाची फारशी कुणाला पडलेली नव्हती. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज बुरुजापेक्षा उंच असतात आणि ते कुणाला खटकत नाही, तसंच तिथेही होतं. इंजिन आखूड, चाकं जाड, स्टेशनमास्तर दारात मावत नाही असा. प्रमाणाचा आग्रह धरला तो नॉर्थहॅम्पटनच्या बॅसेट-लोक या व्यावसायिकाने आणि त्याच्यासोबत काम करणाऱ्या हेन्री ग्रीनली या अभियंत्याने. खऱ्या इंजिनाची आकृती घ्यायची, ती ठरलेल्या पटीने लहान करायची आणि मग पत्रा कापायचा, ही शिस्त इंग्लंडमध्ये रुजवण्यात या दोघांचा वाटा फार मोठा आहे.

शून्य गेजची अडचण जागेची होती. रूळ मांडायला दिवाणखान्याची सगळी जमीन लागे आणि जेवणाच्या वेळी तो गुंडाळावा लागे. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातल्या शहरी घरांत एवढी जमीन कुणाकडे होती? १९२२ मध्ये न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीने बॅसेट-लोकच्या सांगण्यावरून टेबलावरची रेल्वे काढली. शून्य गेजचा निम्मा, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटरचा रूळ, वर पत्र्याची चिमुकली गाडी. ती दिसायला बेतास बात होती, पण जमिनीवरची आगगाडी तिने टेबलावर चढवली. माझ्या मते या कथेतलं सगळ्यात मोठं वळण तेच. टेबलावर गाडी आली की बघणाऱ्याची नजर तिच्या पातळीला येते. आणि नजर खाली आली की रुळाशेजारी काय आहे, हा प्रश्न पडतोच.

विजेचं प्रकरणही तेव्हाच मार्गी लागत होतं, धडपडत. १९२५ मध्ये लिव्हरपूलच्या हॉर्नबीने आपली पहिली विजेची गाडी बाजारात आणली. तिला वीज मिळायची ती घरातल्या दिव्याच्या जोडणीवरून, शंभर व्होल्टच्या वर आणि तीही उघड्या रुळातून! मुलांच्या खेळण्यात हे चालणं शक्यच नव्हतं. काही वर्षांतच कंपनी कमी दाबाच्या विजेकडे वळली. आज टेबलावरच्या बहुतेक गाड्या १२ ते १६ व्होल्टवर चालतात.

१९३५ साली ट्रिक्स आणि मेर्क्लिन या दोन जर्मन कंपन्यांनी टेबलावरच्या विजेच्या गाड्या आणल्या आणि माप साडेसोळावर स्थिरावलं. ट्रिक्सच्या मागे स्टेफान बिंग होता, त्याच न्यूरेंबर्गच्या बिंग घराण्यातला. हे कुटुंब ज्यू. नाझी राजवटीत त्याला कंपनी सोडावी लागली आणि तो इंग्लंडला गेला. ज्या घराण्याने आगगाडी टेबलावर आणली, त्यालाच देश सोडावा लागला. या छंदाच्या रंगीत पुस्तकांत ही गोष्ट एका ओळीत उरकलेली असते, याचं मला वाईट वाटतं.

साडेसोळा हा आकडा हिशेबातही छान बसतो. युरोप-अमेरिकेतल्या प्रमाण रेल्वेच्या रुळांत १४३५ मिलिमीटर अंतर असतं. त्याला ८७ ने भागलं की उत्तर येतं साडेसोळा. म्हणून १:८७ हे प्रमाण एचओ या नावाने जगभर चाललं.

इंग्लंडमध्ये मात्र गाडी अडली. तिथल्या खऱ्या रेल्वेचे बोगदे आणि पूल जुन्या काळचे, अरुंद. त्यामुळे ब्रिटिश गाड्या जर्मन गाड्यांपेक्षा अंगाने बारीक आणि उंचीने ठेंगण्या. त्या ८७ पट लहान केल्या की त्या काळातली मोटार इंजिनाच्या पोटात मावेना. मग त्यांनी रूळ साडेसोळाचाच ठेवला आणि इंजिन-डबे थोडे मोठे केले, १:७६ चे. १९३८ च्या हॉर्नबी डब्लोने हे माप घरोघरी नेलं. पण साडेसोळाला ७६ ने गुणून पाहा. उत्तर येतं जेमतेम १२५४. म्हणजे हिशेबाने ब्रिटिश छोटी गाडी खऱ्यापेक्षा सुमारे सात इंच अरुंद रुळावर धावते. समोरून पाहिलं की धिप्पाड माणसाने पाय जुळवून उभं राहावं तशी ती दिसते. हे ज्यांना सहन झालं नाही, त्यांनी १८ मिलिमीटरच्या आसपासचे रूळ हाताने बनवले. काहींनी तर १८.८३ हे काटेकोर माप धरलं. त्या रुळांवर चाललेली गाडी खरोखर देखणी दिसते. पण दुकानातली चाकं तिथे चालत नाहीत, प्रत्येक सांधा स्वतः जोडावा लागतो. मोटारी लहान होऊन कित्येक दशकं लोटली तरी ब्रिटनमध्ये बहुसंख्य लोक जुन्याच मापावर आहेत, कारण आजोबांचं इंजिन नातवाच्या रुळावर धावतं. मला हे पटतं. छंद पिढ्या ओलांडतो तो अशाच गोष्टींमुळे.

पुढे मापं आणखी उतरली. १९६० च्या दशकात आर्नोल्डचा ९ मिलिमीटरचा एन गेज आला, १९७२ मध्ये मेर्क्लिनचा साडेसहाचा झेड. पण घरातल्या रेल्वेचं मुख्य माप साडेसोळाच राहिलं.

रुळाइतकीच दुसरी मोठी तडजोड वळणाची. आपल्या ब्रॉडगेजवर तीव्रातल्या तीव्र वळणाची त्रिज्या साधारण १७५ मीटर. ८७ पट लहान केली तरी ती दोन मीटर होते. पूर्ण गोल फिरवायला चार मीटर रुंद खोली हवी. मेर्क्लिनचं नेहमीचं लहान वळण आहे ३६० मिलिमीटर त्रिज्येचं. अशा वळणावर लांब डबे बाहेर फेकल्यासारखे दिसतात. आता हे वळण लपवायचं कुठे? डोंगरात. छोट्या रेल्वेला इतके बोगदे का असतात, याचं खरं उत्तर हे आहे. गाडी एका तोंडातून आत शिरते, आत अशक्य वळण घेते आणि दुसऱ्या तोंडातून डौलाने बाहेर येते. मधे काय झालं ते कुणालाच कळत नाही.

डोंगर आला की माती, गवत, घरं आलीच. इथे नाव घ्यावं ते लंडनच्या जॉन अहर्न यांचं. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे त्यांनी मॅडर व्हॅली नावाची काल्पनिक छोटी रेल्वे उभारली, पुठ्ठ्याच्या घरांसकट, आणि १९४७ नंतर छोट्या इमारती आणि छोटा भूप्रदेश कसा करावा यावर पुस्तकं लिहिली. गाडी कुठून कुठे जाते, का जाते, गावात कोण राहतं, याचा विचार करून मांडणी करायची, हे या पुस्तकांतून हजारो लोक शिकले. कुठल्याही कारखान्याने या छंदासाठी एवढं केलेलं नाही. त्यांची मांडणी आज ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडन संग्रहालयात आहे. पेंडन उभं केलं रॉय इंग्लंड यांनी. १९२५ मध्ये ते ऑस्ट्रेलियातून ब्रिटनमध्ये आले आणि इथली गवती छपरांची खेडी डोळ्यांदेखत बदलताना त्यांनी पाहिली. ती पुरती जाण्याआधी मोजून १:७६ मध्ये जपायची, हे त्यांनी आयुष्यभराचं काम मानलं. अमेरिकेत जॉन अॅलन या छायाचित्रकाराने डोंगर जमिनीपासून छतापर्यंत नेले आणि गाड्यांवर गंज, काजळी, धूळ रंगवण्याचं वेड लावलं. १९७३ मध्ये ते वारले आणि थोड्याच दिवसांत आग लागून ती सगळी मांडणी नष्ट झाली. उरले त्यांनीच काढलेले फोटो.

या कारागिरीतलं एक काम जवळून पाहू: रुळाखालची खडी. दाण्यांची बारीक खडी स्लीपरांमध्ये चिमटीने टाकायची, मऊ कुंचल्याने सारखी करायची, स्लीपरांच्या माथ्यावर एकही दाणा ठेवायचा नाही. मग भांडी घासायच्या साबणाचा थेंब घातलेलं पाणी फवाऱ्याने हलकेच मारायचं. हा थेंब विसरलात तर पुढे डिंकाचा थेंब दाण्यांवर गोळा होऊन बसतो आणि खळगा पाडतो; साबण असला की डिंक झिरपत खाली जातो. शेवटी पाण्यात निम्माशिम्मा पातळ केलेला पांढरा डिंक ड्रॉपरने सोडायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. सांध्याच्या हलणाऱ्या पात्यांपासून डिंक दूर ठेवायचा, नाहीतर सांधा कायमचा चिकटला म्हणून समजा.

गवताचंही तसंच. पूर्वी रंगवलेला भुस्सा पसरत. आता नायलॉनचे दोन ते सहा मिलिमीटरचे तंतू जाळीच्या डब्यात भरतात, जाळीला काही हजार व्होल्टचा अगदी क्षीण प्रवाह देतात आणि दुसरी तार ओल्या डिंकात खोचलेल्या खिळ्याला जोडतात. डबा हलवला की भारित तंतू उडी मारून डिंकात उभे रोवले जातात. भुश्श्याचं गवत आडवं पडायचं, हे उभं राहतं. फक्त पाकिटावरची हिरवीगार युरोपीय छटा आपल्याकडे चालत नाही. आपला माळ वर्षातले सात-आठ महिने पिवळट असतो.

महाराष्ट्रात हे सगळं एका जागी बघायचं तर पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांनी १९९८ मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं. तिथे १:८७ चं अख्खं शहर उभं आहे. पण आपल्या गाड्या घरी करायच्या म्हटलं की साडेसोळाचा रूळ आपल्यालाही अडवतो. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. १:८७ मध्ये ते सव्वाएकोणीस होतं. दख्खनची राणी साडेसोळावर उभी केली तर रूळ खऱ्या मापात २४ सेंटिमीटर कमी पडतो. ब्रिटिशांच्या पंक्तीला आपणही बसतो.

महाराष्ट्रातल्या एका रेल्वेला मात्र हा रूळ जवळजवळ नेमका बसतो: बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केलेली, पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचलेली, सव्वातीनशे किलोमीटरची. तिचा रूळ होता अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. याला ४८ ने भागा: १५.९ येतात. अमेरिकन मंडळी ३० इंची रेल्वेसाठी हाच मार्ग वापरतात. दुकानातली एचओची चाक-मोटारीची बैठक घ्यायची आणि वर १:४८ चे सांगाडे स्वतः बांधायचे. अशा अरुंद रुळाच्या खऱ्या गाडीची वळणंही मुळात तीव्र, त्यामुळे टेबलावर ती ओढूनताणून केलेली वाटत नाही. बार्शी लाइटचं इंजिन आयतं कुठे मिळणार नाही. पण पंढरीच्या यात्रेला भरभरून गेलेले ते डबे, काळ्या रानातला एकाकी फलाट, बाभळी, माळ हे सगळं पुठ्ठा, प्लास्टर आणि डिंकातून होण्यासारखं आहे.

बार्शी लाइटचा मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. आपल्या भागात अरुंद रुळाच्या गाडीची जुनी स्टेशन-इमारत अजून उभी असेल, तर टेप घेऊन जा. भिंतींची लांबी, दाराची उंची, छपराचा उतार, फलाटाची रुंदी लिहून घ्या, चारी बाजूंनी फोटो काढा. मग प्रत्येक आकडा ४८ ने भागा आणि पुठ्ठा कापायला घ्या.