रिकव्हरी पार्टिशन आणि बूट-दुरुस्ती

रिकव्हरी पार्टिशन म्हणजे विंडोज संगणकाच्या डिस्कवर राखून ठेवलेला, ‘धिस पीसी’मध्ये सहसा न दिसणारा छोटा भाग. मुख्य विंडोज सुरू होईनाशी झाली की दुरुस्तीची जी प्रणाली पडद्यावर येते, ती विंडोज रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट ऊर्फ विनआरई. ‘विनआरई.विम’ या एकाच फाइलमध्ये ती इथे बांधून ठेवलेली असते. विंडोज २००० आणि एक्सपीच्या काळात हे काम रिकव्हरी कन्सोल करत असे आणि त्यासाठी बहुधा सीडी शोधावी लागे. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टाने विनआरई आणली. त्याच वेळी ‘बूट.आयएनआय’ ही साधी मजकूर-फाइल जाऊन तिच्या जागी बूट कॉन्फिगरेशन डेटा, म्हणजे बीसीडी, आला. नोटपॅडमध्ये उघडून एखादी ओळ सुधारण्याची सोय तिथे संपली. आता स्वयंचलित ‘स्टार्टअप रिपेअर’ने हात टेकले की कमांड प्रॉम्प्ट उघडावाच लागतो.

आजच्या यूईएफआय पद्धतीच्या मशीनवर डिस्क जीपीटी प्रकारची असते. तिच्यावर फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेले, साधारण १०० एमबी किंवा त्याहून मोठे ईएफआय पार्टिशन, १६ एमबीचे राखीव पार्टिशन, मग विंडोजचे सी: आणि त्याच्या पाठीला लागून रिकव्हरी, अशी मांडणी नव्या विंडोजमध्ये आढळते. मशीन चालू केल्यावर फर्मवेअर ईएफआय पार्टिशनातला बूट मॅनेजर उचलते, बूट मॅनेजर बीसीडी वाचतो आणि त्यात दिलेल्या जागेवरून विंडोजचा लोडर सुरू करतो. दुरुस्तीला बसण्यापूर्वी ही साखळी कुठे तुटली आहे ते ओळखावे. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असे येत असेल आणि बायोसमध्येही डिस्क दिसत नसेल, तर कोणतीही कमांड उपयोगाची नाही. केबल सैल असेल किंवा डिस्क गेली असेल. निळ्या पडद्यावर ०एक्ससी००००००एफ हा क्रमांक आला तर बहुधा बीसीडी हरवला किंवा बिघडला आहे. विंडोजचे चिन्ह दिसून मग मशीन पडत असेल, तर दोष पुढच्या टप्प्यावर, ड्रायव्हर किंवा सिस्टिम फाइलींत शोधावा. ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे दुकानातले ठरलेले उत्तर यातल्या दुसऱ्या प्रकारात जवळजवळ नेहमीच चुकीचे असते. तिथे सी:वरचा डेटा जसाच्या तसा असतो.

लागोपाठ दोनदा बूट फसले की विनआरई आपणहून उघडते. ती उघडत नसेल तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून शिफ्ट आणि एफ१० दाबावे. काळी खिडकी समोर येते. तिथे प्रॉम्प्टवर एक्स: दिसते. ही मेमरीत उघडलेली तात्पुरती डिस्क असते आणि मशीन बंद होताच ती नाहीशी होते. रोजची सी: इथे डी: किंवा आणखी काही नावाने दिसू शकते. म्हणून ‘डिस्कपार्ट’ आणि मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’ टाकून आकारावरून कोणते पार्टिशन कोणते ते पटवून घ्यावे. ‘लिस्ट डिस्क’च्या यादीत शेवटच्या जीपीटी रकान्यात फुली असेल तर डिस्क नव्या पद्धतीची, रकाना रिकामा असेल तर जुन्या एमबीआर पद्धतीची.

ही फुली न पाहता लोक ‘बूटरेक’च्या फिक्सएमबीआर, फिक्सबूट, स्कॅनओएस आणि रीबिल्डबीसीडी या चार कमांड ओळीने टाकत सुटतात. हा नुस्खा एमबीआर काळातला. जीपीटी डिस्कवर फिक्सएमबीआरचा काही उपयोग नाही. फिक्सबूट विंडोज १०च्या बऱ्याच आवृत्त्यांत ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणून परत पाठवते. रीबिल्डबीसीडीने सापडलेल्या विंडोजची संख्या ० दाखवली की माणूस घाबरतो. प्रत्यक्षात ती कमांड बीसीडीत आधी नोंद नसलेल्याच विंडोज मोजते, त्यामुळे शून्याचा अर्थ विंडोज पुसली गेली असा होत नाही.

यूईएफआय मशीनवर खरे काम ‘बीसीडीबूट’ करते. डिस्कपार्टमध्ये ‘सिलेक्ट व्हॉल्यूम’ने फॅट३२ असलेले ईएफआय पार्टिशन निवडायचे, ‘असाइन लेटर=एस’ने त्याला अक्षर द्यायचे, ‘एक्झिट’ करून बाहेर यायचे आणि एक ओळ टाकायची: ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’. विंडोजच्या फोल्डरमधल्या मूळ बूट-फाइली नव्याने उतरवल्या जातात, बीसीडी तयार होतो आणि बूट फाइली यशस्वीपणे तयार झाल्याचा एका ओळीचा निरोप येतो. ईएफआय पार्टिशनच फॉरमॅट करण्याचा सल्लाही दिला जातो. शेजारी लिनक्स असेल तर त्याचा ग्रब लोडरही त्यात जाईल, हे सल्ला देणारा बहुधा सांगत नाही.

एखाद्या अपडेटनंतर मशीन अडकले असेल तर ‘डिझम’ या कमांडचा रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स हा पर्याय अर्धवट राहिलेले बदल मागे घेतो. डिस्क आवाज करत असेल किंवा वाचायला फार वेळ घेत असेल तर ‘चेकडिस्क’ला हात लावण्याआधी डेटा काढावा. त्यासाठी कमांड प्रॉम्प्टवर ‘नोटपॅड’ टाइप करावे, त्याच्या ‘ओपन’ खिडकीत ‘ऑल फाइल्स’ निवडावे आणि राइट क्लिक करून फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करावेत. युक्ती ओबडधोबड आहे, पण चालते.

रिकव्हरी पार्टिशनच आजारी पडते तेव्हा ‘रीएजंटसी’ कामाला येते. ‘रीएजंटसी /इन्फो’ने विनआरई चालू आहे का आणि ती कोणत्या पार्टिशनवर आहे ते कळते. ९ जानेवारी २०२४ रोजी विंडोज १०साठी आलेल्या केबी५०३४४४१ या सुरक्षा-अपडेटने ही कमांड घरोघरी पोहोचवली. डिस्क कूटबद्ध करणाऱ्या बिटलॉकरला वळसा घालू देणारी विनआरईतली त्रुटी बुजवण्यासाठी ते होते. जुन्या मशीनवर रिकव्हरी पार्टिशनात जागा अपुरी असल्याने ते ०एक्स८००७०६४३ हा क्रमांक देऊन पडत असे, आणि जागा कमी आहे हे त्या क्रमांकातून कोणालाही कळण्यासारखे नव्हते. मायक्रोसॉफ्टने सुचवलेला उपाय असा: रीएजंटसीने विनआरई बंद करायची, डिस्कपार्टमध्ये सी: २५० एमबीने आकसायचे, रिकव्हरी पार्टिशन ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’ने काढून मोठे करून नव्याने बांधायचे आणि विनआरई पुन्हा चालू करायची. सामान्य वापरणाऱ्यावर असे काम टाकणे हा अपडेटचा विचित्रच प्रकार म्हणावा लागेल.

या क्रमात एक जागा धोक्याची आहे. विनआरई बंद केली की विनआरई.विम ही फाइल सी:\विंडोज\सिस्टिम३२\रिकव्हरी या फोल्डरमध्ये परत यायला हवी. फाइल लपवलेली असल्याने साध्या ‘डिर’ला ती दिसत नाही, ‘डिर /ए’ टाकावे लागते. ती तिथे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुने पार्टिशन पुसू नये. पुसले आणि फाइल नसली तर त्याच आवृत्तीच्या विंडोजच्या आयएसओमधल्या इन्स्टॉल.विममधून ती काढावी लागते. लॅपटॉप कंपनीने दिलेले कित्येक जीबींचे रिकव्हरी पार्टिशन ही वेगळी गोष्ट. त्यात फॅक्टरी स्थितीची प्रत असते आणि ती या मार्गाने परत मिळत नाही.

बिटलॉकर चालू असेल तर कमांड प्रॉम्प्टमधून सी: वाचण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की लागते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर अडकली आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. सेफ मोडमध्ये किंवा विनआरईत जाऊन ड्रायव्हरच्या फोल्डरमधली एक फाइल पुसणे, एवढीच दुरुस्ती होती. पण ती बहुतेक ठिकाणी एकेका मशीनसमोर बसून करावी लागली, आणि की हाताशी नसलेली मशीन मागे राहिली.

विनआरईवर सर्वस्वी विसंबू नये. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज ११च्या एका अपडेटनंतर विनआरईत यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले आणि मायक्रोसॉफ्टला काही दिवसांत वेगळे अपडेट काढावे लागले. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलेशन मीडिया तयार होतो. मशीन धड असतानाच तो करून ठेवावा आणि बिटलॉकरची की कागदावर लिहून त्या मशीनपासून वेगळी ठेवावी.