मूळपाठाची रुजवात
१९०५ च्या सुमारास तंजावर प्रांतातील एका पंडिताने म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात ग्रंथ लिपीतील एक ताडपत्री पोथी आणि तिच्यासोबत भट्टस्वामीच्या टीकेचा त्रुटित भाग आणून दिला. ज्या कौटिलीय अर्थशास्त्राची ओळख विद्वानांना तोवर इतर ग्रंथांतील उल्लेख-अवतरणांपुरतीच होती, ते अशा रीतीने ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांच्या हाती आले. १९०९ मध्ये त्यांनी संहिता छापली आणि १९१५ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर.

लोखंडी लेखणीने कोरून काजळीने उठवलेली ताडपत्रावरची अक्षरे शब्दांत अंतर न ठेवता सलग धावतात, आणि पदच्छेद एका अक्षराने ढळला की अर्थ पालटतो. सीपी/एम या संगणकप्रणालीवरील एखाद्या जुन्या कंपायलरची अस्सल संहिता हरवली, केवळ यंत्रभाषेतील नक्कल उरली, आणि ती उलगडून मूळ मजकूर पुन्हा उभा करावयाचा, अशा डिसअसेंब्लीच्या कामात नेमकी हीच अडचण येते. ‘सीडी ०५ ००’ हे तीन बाइट आरंभापासून वाचले तर पाचव्या पत्त्यावर प्रणालीला घातलेली हाक दिसते. एक बाइट सोडून वाचले तर ‘बी’ या रजिस्टरमधून एक वजा करा आणि मग काहीच करू नका, असे दोन निराळेच हुकूम निघतात. मूळ कर्त्याने दिलेली नावे आणि समासातील टिपा तर बहुधा कायमच्याच गेलेल्या असतात. भट्टस्वामी तेथे भेटत नाही.

तथापि डिसअसेंब्ली करणाऱ्या कारागिराला एक भाग्य लाभते, ज्याचा मला संस्कृत पाठचिकित्सकांच्या वतीने मनापासून हेवा वाटतो: पुनर्रचित मजकूर त्याच काळच्या कंपायलरमधून पुन्हा काढावा, निघालेल्या नकलेची जुन्या नकलेशी बाइटागणिक रुजवात घालावी, आणि एकही बाइट वेगळा निघाला नाही की काम यंत्रापुरते सिद्ध झाले. पोथीला असा निवाडा नाही. कौटिल्याने मात्र एक मोजदाद आरंभीच नोंदवून ठेवली आहे, ती अशी: १५ अधिकरणे, १५० अध्याय, १८० प्रकरणे, ६००० श्लोक. गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५८ मध्ये हाच दाखला प्रमाण मानला. बत्तीस अक्षरांचा एक श्लोक या हिशेबाने उपलब्ध पाठ त्या संख्येस पुरत नाही, तेव्हा ग्रंथाचा निदान पंचमांश गळाला असावा, असे त्यांचे अनुमान होते.

रा. प. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी १९६० मध्ये चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती म्हैसूरचा पाठ, मल्याळम लिपीतील पोथ्या आणि पाटणच्या जैन भांडारातील त्रुटित पोथी एकमेकींशी ताडून. स्वीकारलेल्या पाठाखाली त्यांनी नाकारलेले पाठभेदही पोथीच्या खुणेसह छापले आहेत, जेणेकरून पुढच्या वाचकाला आपली रुजवात स्वतः घालता यावी.