वाया न जाणारी मेहनत : जपानी रोल-प्लेइंग गेमचा इतिहास

२३ जुलै २०२१ रोजी टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. कोरोनाच्या साथीमुळे वर्षभर लांबलेला हा सोहळा जवळजवळ रिकाम्या स्टेडियममध्ये पार पडला. देशोदेशीचे खेळाडू ध्वज घेऊन मैदानात येऊ लागले तेव्हा वाद्यवृंदाची जी पहिली सुरावट वाजली, ती १९८६ सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या व्हिडिओ गेमची होती. त्यानंतर ‘फायनल फँटसी’ची विजयधून आली, पुढे ‘क्रोनो ट्रिगर’ची धून आली. साऱ्या जगाचे स्वागत करताना जपानने आपल्या खेळण्यांचे संगीत पुढे केले. पहिल्या सुरावटीचे संगीतकार कोइची सुगियामा त्याच वर्षी ३० सप्टेंबरला वयाच्या ९०व्या वर्षी वारले.

आपल्याकडे व्हिडिओ गेम म्हटले की पालकांच्या कपाळावर आठ्या पडतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. वर्गातल्या मुलांच्या डोळ्यांतली जागरणाची लाली मलाही दिसते, म्हणून या आठ्यांना मी हसत नाही. पण एखादा देश ज्या गोष्टीला आपला वारसा मानतो, ती नुसती वेळेची नासाडी असेल का? जपानी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन दीर्घ कथा जगण्याचा खेळ, हा गेल्या चार दशकांत घडलेला एक कथाप्रकार आहे. त्यातले थोर कोणते आणि सुमार कोणते, हे कादंबरीइतक्याच गांभीर्याने विचारता येते.

या खेळाचे मूळ जपानमधले नाही. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ निघाला. १९८१ साली त्याच धर्तीवर ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे संगणकावरचे खेळ आले. १९८३ साली युजी होरी आणि कोइची नाकामुरा हे दोन जपानी तरुण एनिक्स कंपनीच्या स्पर्धेत बक्षीस मिळवून अमेरिकेतल्या अॅपल संगणकांच्या मेळ्याला गेले. तिथे त्यांनी ‘विझर्ड्री’ पाहिला. होरी मूळचे लेखक, मासिकांतून लिहिणारे. खेळ त्यांना आवडला. पण असा खेळ खेळायला महागडा संगणक लागे, नियमांची पुस्तिका पाठ करावी लागे आणि नवखा माणूस पहिल्याच भुयारात मरून जाई.

त्याच वर्षी जुलैमध्ये जपानात निन्तेन्दोचा ‘फामिकॉम’ आला होता. टीव्हीला जोडायचा, किंमत १४,८०० येन, आणि हातातल्या पट्टीवर चार दिशांची कळ नि मोजकी बटणे. नव्वदच्या दशकात आपल्या बाजारात ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जी यंत्रे मिळत, ती बहुतेक याच फामिकॉमच्या नकला होत्या. त्यांच्या पिवळ्या कॅसेटी आठवून पाहा. उड्या मारण्याचे आणि गोळ्या झाडण्याचे खेळ त्यांत भरपूर असत, कारण त्यांना भाषा लागत नाही. वाचून खेळायचे खेळ त्यांत शोधून सापडत नसत. जपानी मुलांची एक पिढी ज्या गोष्टींवर वाढली, त्या आपल्यापर्यंत न पोचण्याचे एक मोठे कारण हेच आहे.

होरींनी तो खेळ या स्वस्त यंत्रावर आणायचे ठरवले. २७ मे १९८६ रोजी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ विक्रीला आला. अख्खा खेळ ६४ किलोबाइटमध्ये बसवलेला. आज मोबाइलवरचा एक साधा फोटोही याच्या कित्येक पट जागा खातो. जपानी लिपीतल्या काताकाना या अक्षरमालेत मूळ सेहेचाळीस अक्षरे आहेत. जागा वाचवण्यासाठी त्यांतली फक्त वीस घेतली गेली. राक्षसांची, गावांची, मंत्रांची काताकानातली नावे या वीस अक्षरांतूनच बनवावी लागली. आपल्या मुळाक्षरांपैकी निम्म्याहून अधिक बाद करून गोष्ट लिहायला सांगावी, तसा हा प्रकार. त्यामुळे वाक्ये आखूड झाली, पात्रे मोजके बोलू लागली आणि प्रत्येक वाक्यात काही तरी खबर असे. चित्रकार अकिरा तोरियामा यांनी होरींच्या कच्च्या आराखड्यातल्या चिखलाच्या गोळ्याचा हसरा, थेंबासारखा ‘स्लाइम’ केला. पहिला शत्रूच असा गोड, की लहान मूलही त्याला सामोरे जाईल.

पण माझ्या मते या खेळाचा खरा शोध त्यातल्या मरणाच्या नियमात आहे. नायक लढाईत पडला की खेळ संपत नाही. तो राजाच्या दरबारात परत येतो. त्याची अर्धी मोहोर जाते, पण मिळवलेला अनुभव तसाच राहतो. म्हणजे हरलात तर पैसा जाईल, शिकलेले जाणार नाही. ज्याची बोटे चपळ नाहीत, त्यानेही वेळ आणि मेहनत दिली तर शेवट गाठावा, हा होरींचा आग्रह होता. बी.एड.ला आम्ही मूल्यमापनावर बरेच काही वाचले. नापासाला पहिल्या पायरीवर न ढकलता त्याच्या कमाईसह पुन्हा उभे करणारी ही रीत त्या वाचनापेक्षा सोपी आणि शहाणी वाटते.

सोय मात्र सगळी नव्हती. यंत्राला आठवण नसल्यामुळे खेळ थांबवताना पडद्यावर वीस अक्षरांचा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ येई, तो वहीत उतरवून घ्यावा लागे. १९८७ सालच्या दुसऱ्या भागात तो बावन्न अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकले की सारी कमाई पाण्यात. १० फेब्रुवारी १९८८ला, बुधवारी, तिसरा भाग आला तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या आणि शाळा बुडवून उभ्या राहिलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी हटकले. त्यावरून सरकारने कायदा केला, ही दंतकथा आहे. चौथा भाग ११ फेब्रुवारी १९९० रोजी, रविवारी, विक्रीला आला. शाळेच्या दिवसाची वाट सोडण्याचा शहाणपणा कंपनीनेच दाखवला.

दरम्यान १९८७च्या डिसेंबरात स्क्वेअर कंपनीचे हिरोनोबू साकागुची यांनी ‘फायनल फँटसी’ आणला. होरींची वाट साधेपणाची, तर साकागुचींची वाट नाट्याची. या दोन घराण्यांच्या चढाओढीतून नव्वदचे दशक घडले आणि थोर खेळ बहुतेक याच दशकात आले.

१९९२ सालचा ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’ घ्या. सुरुवातीला आपण सहा वर्षांचे मूल असतो आणि बाप पापास याच्यासोबत फिरतो. लढाईत बाप आपणहून शत्रूला मारतो, आणि लढाई संपली की न सांगता लेकराच्या जखमा बऱ्या करतो. यात एकही संवाद नाही. बापाची माया आकड्यांतून कळते. मग एके दिवशी शत्रू मुलाच्या गळ्याला हत्यार लावतो. लढाईचा तोच पडदा उघडतो, पण बाप हात उचलत नाही. तो मार खात राहतो आणि आपल्या डोळ्यांदेखत मरतो. मूल दहा वर्षे गुलामीत काढते. मोठे होते, लग्न करते. कोणाशी, ते खेळणाऱ्याने ठरवायचे. पुढे शापाने दगड होऊन आठ वर्षे एका घराच्या अंगणात उभे राहते. शेवटी कळते की दंतकथेतली तलवार आपल्या हाताला चालतच नाही. ती आपल्या मुलाच्या हाताला चालते. आपण नायक नव्हतो, नायकाचे वडील होतो! तीन पिढ्यांचा असा प्रवास मुलांच्या खेळण्यात मांडण्याची हिंमत वाखाणण्याजोगी आहे.

१९९४च्या एप्रिलमध्ये ‘फायनल फँटसी ६’ आला. यात अर्ध्या वाटेवर खलनायक जिंकतो आणि जग उद्ध्वस्त होते. वर्षभराच्या गुंगीनंतर सेलेस नावाची स्त्री एका निर्जन बेटावर जागी होते. सोबतीला एक आजारी म्हातारा. त्याला मासे धरून खाऊ घालायचे, एवढेच काम. चपळ मासे चांगले, मंद मासे वाईट. त्याचे जगणे-मरणे आपल्या हाताच्या कामावर ठरते. पुढे पांगलेले सोबती शोधायचे असतात, पण त्यांतल्या बहुतेकांना शोधण्याची सक्ती नाही. थोड्यांना घेऊन शेवटच्या लढाईला गेलात तरी खेळ अडवत नाही. तरी लोक एकेकाला शोधत गावोगाव हिंडतात. विनाशानंतर माणसे पुन्हा गोळा करणे हे कर्तव्य म्हणून सांगितले असते, तर ते इतके लागले नसते.

त्याच वर्षी जाहिरातींचे प्रसिद्ध मजकूरलेखक शिगेसातो इतोई यांचा ‘मदर २’ निघाला. इथे नायक टोपी घातलेला आजकालचा शाळकरी मुलगा आहे. प्रवासात त्याला घरची आठवण येते आणि ती चक्क आजार म्हणून नोंदवली जाते. लढाईत घरच्या आठवणीने त्याची पाळी अधूनमधून वाया जाते. उपाय म्हणजे आईला फोन करायचा. अखेरच्या शत्रूपुढे कोणतेही शस्त्र चालत नाही. तेव्हा पॉला ही मुलगी दुआ मागते. मग वाटेत भेटलेली, आपण विसरून गेलेली माणसे आपापल्या घरी या मुलांसाठी दुआ मागू लागतात. सर्वात शेवटी, पडद्याबाहेर बसलेल्या खेळाडूचे नाव घेतले जाते आणि त्याच्या दुआने शत्रू संपतो.

१९९५च्या मार्चमध्ये होरी, साकागुची आणि तोरियामा यांनी एकत्र येऊन ‘क्रोनो ट्रिगर’ केला. सुरुवातीला एका जत्रेत नायक हिंडतो. कोणाचा डबा खाल्ला, हरवलेले मांजर पोचते केले, धडकून पडलेल्या मुलीची आधी विचारपूस केली की तिचे लॉकेट उचलले, हे सारे आपण बेफिकिरीने करतो. नंतर नायकावर खटला उभा राहतो आणि हीच कृत्ये साक्षीला येतात. निकाल काहीही लागो, तुरुंग चुकत नाही. पण जगाने आपल्याला पाहिले होते, हे कळून चुकते.

३१ जानेवारी १९९७ला प्लेस्टेशनवर ‘फायनल फँटसी ७’ आला आणि जपानबाहेरच्या जगाने या प्रकाराची दखल घेतली. तीनपैकी पहिली डिस्क संपता संपता एरिस ही तरुणी मारली जाते. कथेत पात्रे मरतातच. पण एरिसला खेळाडूने तासन्तास मेहनत करून वाढवलेले असते, तिच्यासाठी शस्त्र विकत घेतलेले असते. दुसऱ्या लढाईत तिची जागा मोकळी दिसते तेव्हा स्वतःची कमाई गेल्यासारखे दुःख होते. तिला परत आणण्याची युक्ती असेल, या आशेने लोक कित्येक वर्षे शोध घेत राहिले. दिग्दर्शक योशिनोरी कितासे यांनी पुढे एका मुलाखतीत याचे मर्म सांगितले : खरे मरण नाट्यमय नसते, ते मागे पोकळी आणि ‘आधी कळते तर’ ही चुटपुट ठेवून जाते.

या सर्व खेळांत एक समान सूत्र आहे. जपानी रोल-प्लेइंग गेममध्ये मेहनत भरपूर असते; त्याच वाटेने शंभर वेळा जायचे, त्याच शत्रूला शंभर वेळा मारायचे. सुमार खेळात ही मेहनत नुसते आकडे वाढवते आणि कथा तिच्याशेजारून वेगळीच चालते. लांबलचक चित्रफिती पाहायच्या आणि मधल्या वेळात बटणे दाबायची, असे शेकडो खेळ निघाले नि विसरले गेले. थोर खेळात मेहनत आणि कथा एकच होतात. दिलेल्या वेळातून माणसांशी नाते जडते आणि कथा त्या नात्यालाच हात घालते.

उर्दूच्या विद्यार्थ्याला इथे दास्तान आठवते. रज्म, बज्म, तिलिस्म आणि अय्यारी, म्हणजे युद्ध, मैफल, मायानगरी आणि चतुर हेरगिरी, ही दास्तानीची चार अंगे मानली जातात. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ‘दास्तान-ए-अमीर हम्झा’ शेहेचाळीस खंडांत छापली. ही चारही अंगे या खेळांत सापडतात. फरक इतकाच की दास्तानीत ऐकणारा बसलेला असे, इथे तो स्वतः चालतो. १९२८ साली दिल्लीचे मीर बाकर अली वारले आणि दास्तान सांगण्याची पेशेवर परंपरा तुटली. ‘हे तर रिकामटेकड्यांचे उद्योग’ म्हणणारे त्या वेळीही होते. पुढे २००५ नंतर ती कला नव्याने रंगमंचावर आली. पण मधली पाऊणशे वर्षे गेली ती गेलीच.

नावाचाही एक प्रश्न आहे. ‘जपानी रोल-प्लेइंग गेम’ हे नाव जपान्यांनी स्वतःला दिलेले नाही. ते बाहेरच्यांनी दिले. २०२३ साली ‘फायनल फँटसी १६’चे निर्माते नाओकी योशिदा यांनी एका मुलाखतीत सांगितले, की हे नाव पहिल्यांदा कानावर आले तेव्हा काही निर्मात्यांना ते हिणवणारे वाटले होते. इकडचे ते ‘खेळ’ आणि तिकडचे मात्र ‘जपानी खेळ’! १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून विशेषण लावलेल्या साहित्याची ही चर्चा या पानांच्या वाचकांना परिचयाची आहे. विशेषण बाहेरून लादले की ते कुंपण होते, स्वतः स्वीकारले की ओळख होते. २०२५ साली फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरातल्या एका छोट्या चमूचा ‘क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्सपेडिशन ३३’ जगभर गाजला. आपण जपानी परंपरेचे शागीर्द आहोत, हे त्याच्या कर्त्यांनी मोकळेपणाने सांगितले. विशेषणाचे कुंपण असे कामानेच ओलांडले जाते.

आपल्या मुलांच्या हातात आज मोबाइल आहे आणि त्यावर खेळ आहेत. ते बंद करण्याचे फर्मान काढणे सोपे, पाळले जाणे अवघड. त्यापेक्षा मुलांना विचारावे : या खेळात तुझी मेहनत कुठे जाते? हरल्यावर तुझ्याजवळ काय उरते? त्यातले कोणी मेले तर तुला वाईट वाटेल का? मुले या प्रश्नांची उत्तरे फार प्रामाणिकपणे देतात. आणि आपल्या लेखकांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. होरी लेखक होते, इतोई जाहिरातींचे मजकूर लिहीत. होरींनी वीस काताकाना अक्षरांच्या अडचणीत आपल्या भाषेत गोष्ट सांगितली आणि ती जगाने ऐकली. मराठीत आणि उर्दूत गोष्टींची वाण नाही, अक्षरेही पुरेपूर आहेत. या नव्या कथाप्रकारात त्या गोष्टी कोणी तरी मांडायला घ्याव्यात.